कादंबरीतल्या बाईसाठी दिवा

मैत्रिणींनो, माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. म्हणून वाचनालयातली कादंबरी मी त्यांना रोज दुपारी वाचून दाखवते. तिच्यात ऊसतोडीला गेलेली गंगू आहे. आज फडातच तिला कळा सुरू झाल्या आणि प्रकरण संपलं.

"सुटली का गं ती?"

"उद्या कळेल."

आत्याबाई उठल्या आणि देवीपुढे दिवा लावायला बसल्या. "माय, गंगूला नीट मोकळी कर. तुझी खणानारळानं ओटी भरते."

मला हसू आलं. "अहो, ती लेखकानं रचलेली आहे. तिच्यासाठी कशाला तेल जाळायचं?"

"लई हिशेबी तू! मग मघाशी डोळं कशाला पुसत हुतीस?"

ऊसतोड बायकांवरचं खऱ्या माहितीचं पुस्तक मी मागच्याच महिन्यात वाचलं. तेव्हा वाईट वाटलं, पण हात जोडायचं सुचलं नाही. आज दिव्यात तेल मीच घातलं आणि त्या खऱ्या बायकांसाठीही मागणं मागितलं.

शेवटचं पान उघडून बघावंसं फार वाटतंय. पण आत्याबाईंना सोडून पुढं वाचायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. तुम्ही कधी पुस्तकातल्या माणसासाठी देवाकडे काही मागितलंय का?