खिशांचं टेबल

लॉन्ड्रीत कपडे मागच्या दाराने येतात. आत शिरल्यावर पहिलं टेबल खिशांचं. त्यावर पत्रा ठोकलेला आहे, वर एक ट्यूबलाइट, डावीकडे मळक्या कपड्यांची गाडी, उजवीकडे कागदी पाकिटांची चळत. या टेबलाशी एकोणीस वर्षं एकच बाई उभी राहते. कपडे पाण्यात जाण्याआधी त्यांचे खिसे रिकामे करायचे, एवढंच तिचं काम.

सगळे तिला मावशी म्हणतात. मालक तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण तेही मावशीच म्हणतात. एकदा ती त्यांना म्हणाली, "तुम्ही मला मावशी म्हणता, म्हणजे तुमच्या आई माझी बहीण झाल्या. तेवढं त्यांच्या कानावर घाला." मालकांनी थोडा वेळ विचार केला आणि विषय बदलला.

कामाची रीत ठरलेली आहे. कोट असेल तर कॉलर डाव्या हातात धरायची. उजवा हात आधी छातीच्या खिशात, मग खालच्या दोन, मग आतल्या. शेवटी कोट उलटा करून तळाच्या शिवणीवरून बोटं फिरवायची. काही सापडलं तर पाकिटात. पाकिटावर कपड्याच्या चिठ्ठीचा नंबर, वस्तूचं नाव आणि नग किती ते लिहायचं. पाकिटं पुढे काउंटरवर जातात आणि ग्राहक कपडे न्यायला आला की त्याच्या हातात पडतात. मावशी मागच्या बाजूला, काउंटर पुढच्या बाजूला. ग्राहकाची आणि तिची गाठ पडत नाही.

तळाच्या शिवणीची गोष्ट तिला थोरल्या बहिणीने सांगितली होती. आक्का शिवणकाम करायची. "फाटका खिसा सगळ्यांत मोठा," असं आक्काचं म्हणणं. "त्यातून पडलेलं बाहेर जात नाही गं, अस्तरात जाऊन बसतं. माणूस जगभर शोधतो आणि अंगावर घेऊन फिरतो." दोघी बहिणी एका खोलीत बावीस वर्षं राहिल्या. आक्काचा नवरा लवकर गेला होता, धाकटीने लग्नच केलं नव्हतं. पुढे आक्काची नजर गेली आणि शिवण सुटली. तेव्हापासून संध्याकाळी चहाचा कप हातात आला की ती विचारायची, "धाकटे, आज काय?"

यावर एकच वस्तू सांगायची, खोटं सांगायचं नाही, आणि कपडा कसला होता ते आधी बोलायचं नाही, असा नियम होता. आक्का कपडा ओळखायची आणि मग कपड्यातला माणूस. एकदा धाकटीने सांगितलं, "एक चिठ्ठी. दूध, ब्लेड, तिला फोन."

"पुरुषाचा शर्ट."

"ते ब्लेडवरून कुणीही सांगेल."

"फोन केला नाही त्याने."

"कशावरून?"

"चिठ्ठी खिशातच राहिली ना? दूध आठवतं, ब्लेड आठवतं. चिठ्ठी तिसऱ्यासाठी लिहिली होती."

एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटात दर गुरुवारी बुद्धिबळातलं एक प्यादं यायचं. कधी काळं, कधी पांढरं. यावर दोघींनी अख्खा पावसाळा काढला. आक्काचं मत, डॉक्टर हरतो आणि प्यादी चोरतो. धाकटीचं मत, तो लहान पेशंटला इंजेक्शन देताना हातात धरायला देतो. उत्तर कधीच कळलं नाही, आणि कळावं अशी दोघींची फारशी इच्छाही नव्हती.

आक्का मार्चमध्ये गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. मावशीने आठवड्याची रजा घेतली होती, पण पाचव्या दिवशीच ती कामावर आली. रडली नाही. आक्काची भाचेसून, जी अधूनमधून यायची, तिने दोनदा विचारलं, "मावशी, रडून घ्या ना जरा." मावशी म्हणाली, "येत नाही." यात तक्रार नव्हती. नळाला पाणी येत नाही असं सांगावं, तसं तिने सांगितलं.

ती जेवत होती, झोपत होती, वेळेवर येत होती. फरक पडला तो टेबलावर. पूर्वी ती सापडलेली वस्तू दोन बोटांत धरून उजेडात फिरवायची, तिकिटावरची तारीख वाचायची, किल्ली कसल्या कुलपाची असेल ते बघायची. आता हात खिशात जाई, बाहेर येई, पाकीट चिकटवलं जाई. पाकिटावर ती लिहू लागली: कागद, एक. धातू, एक. इतर, दोन.

लॉन्ड्रीत भिंतीवर एक तक्ता आहे. कुठल्या टेबलावर तासाला किती कपडे झाले ते सुपरवायझर त्यावर भरतो. खिशांच्या टेबलाचा आकडा एकोणीस वर्षं ऐंशीच्या आसपास असायचा. एप्रिलमध्ये तो शंभरावर गेला, जूनमध्ये एकशे तीस झाला. मालक स्वतः बघायला आले.

"मावशी, या वयात मशीन झालात की."

पलीकडच्या इस्त्रीच्या टेबलावरून आवाज आला, "मशीनला तेल तरी घालतात."

हा वाफवाला. लॉन्ड्रीची जागा घोड्याच्या नालेसारखी वळलेली, त्यामुळे कामाचं पहिलं टेबल आणि शेवटचं टेबल मधे जाळी ठेवून पाठीला पाठ लावून आहेत. वाफेच्या इस्त्रीवर तो अकरा वर्षं आहे. इस्त्रीपेक्षा तोंडाची वाफ जास्त दवडतो म्हणून नाव पडलं, आणि त्याला ते आवडतं.

जुलैमध्ये एका कोटाच्या अस्तरात पेन राहिलं. दवाखान्याचा कोट, आतला खिसा फाटलेला, पेन घसरून तळाच्या शिवणीत जाऊन बसलेलं. त्या दिवशी शिवणीवरून बोटं फिरली होती. मावशीला तसं आठवत होतं. पण बोटांखाली काही लागलं की नाही, हे तिला सांगता येईना. मशीनच्या गरम पाण्यात पेन फुटलं. बासष्ट पांढऱ्या कोटांवर निळे डाग पडले. बासष्ट डॉक्टर दोन दिवस साध्या कपड्यांत फिरले आणि दवाखान्याने पत्र पाठवलं.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, त्यावरूनच तिला अंदाज आला.

"मोठ्या लॉन्ड्रीत हे टेबल नसतंच आता," ते म्हणाले. "कपडे देतानाच ग्राहक सही करतो, की खिसे रिकामे आहेत म्हणून. आपणही तसं करू. तुम्हाला काढत नाही मी. टॉवेल घडी करायला जा. बसून काम आहे."

मावशी म्हणाली, "टॉवेलला खिसा नसतो."

"म्हणून तर सोपं आहे."

हे टेबल आपल्याला का हवं आहे, ते तिला सांगता आलं नसतं. चार महिने तिला तिथे काही वाटलं नव्हतं. पण टॉवेलांच्या चळतीशी बसणं तिला नको वाटलं, आणि मार्चनंतर काहीतरी जाणवण्याची ती पहिलीच वेळ होती. तिने एक आठवडा मागितला. मालकांनी दिला, अटीसह: सुपरवायझर तिच्यामागून प्रत्येक कपडा पुन्हा तपासेल. सहा दिवसांत तीन चुका निघाल्या की टेबल बंद.

सोमवारी दुपारी सुपरवायझरला एका ब्लाउजच्या खिशात केसांची पिन मिळाली. त्याने ती तिच्यासमोर पत्र्यावर ठेवली आणि वहीत खूण केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला हे काम नको होतं, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. मंगळवारी सकाळी पँटच्या लहान खिशात नाण्याएवढं बटण निघालं. दुसरी खूण झाली. आता चार दिवस आणि एक चूक.

मावशीने मग एक युक्ती केली. हातांवर भरवसा राहिला नव्हता, म्हणून तिने तोंडाला कामाला लावलं. खिशात हात घातला की मोठ्याने म्हणायचं. "काही नाही. काही नाही. तिकीट. काही नाही." 

अर्ध्या तासाने जाळीपलीकडून वाफवाला म्हणाला, "कुठलं तिकीट?"

"काय?"

"मघाशी तिकीट म्हणालात. कुठलं?"

"बघितलं नाही."

"मग सापडलं काय? कागद सापडला म्हणा."

मावशीने पाकीट पुन्हा उघडलं. "बस. चौदा नंबर. परतीचं."

"वापरलंय?"

तिने ते उजेडात धरलं. "भोक नाही पडलेलं."

"म्हणजे गेला तो गेलाच," वाफवाला म्हणाला. "सासुरवाडीला गेला असणार. जेवण चांगलं निघालं."

"कोट बाईचा आहे."

इस्त्री थांबली. "मग माहेरी," तो म्हणाला. "तर मग परत येते कशाला."

मावशी हसली नाही. तिने 'कागद, एक' खोडून 'बसचं परतीचं तिकीट, न वापरलेलं' असं लिहिलं. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं.

बुधवार, गुरुवार असेच गेले. वाफवाल्याचे अंदाज धडधडीत चुकीचे असत. कपडा न बघता तो माणूस सांगायचा, आणि प्रत्येक माणूस शेवटी त्याच्या मेव्हण्यासारखाच निघायचा. त्याला खोडून काढायचं तर वस्तू नीट बघावी लागे. मावशी बघत होती. त्यात आनंद होता असं म्हणता येणार नाही. चुकीचं बोलणाऱ्याला तसंच सोडवत नाही, एवढंच. पण सुपरवायझर तिच्यामागून प्रत्येक शिवण चाचपायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा हात रिकामा निघायचा. शुक्रवारीही काही मिळालं नाही. तक्त्यावरचा आकडा मात्र एकशे तीसवरून शंभरावर आणि शंभरावरून अठ्ठ्याहत्तरवर आला.

शनिवारी शेवटच्या दोन तासांसाठी मालक टेबलाशी येऊन उभे राहिले. भिंतीवरचा तक्ता काढून हातात घेतला होता.

"चुका थांबल्या, हे मान्य," ते म्हणाले. "पण हा आकडा बघा. या वेगाने टेबल परवडत नाही मला. निदान शंभर तरी हवेत."

मावशीने मान डोलावली आणि वेग वाढवला. कपड्यामागून कपडा. सुपरवायझर मागे, मालक समोर. वाफवाल्यानेही तोंड बंद ठेवलं. पंचविसाव्या मिनिटाला एक राखाडी कोट आला. छातीचा खिसा: काही नाही. खालचे दोन: काही नाही. आतल्या खिशात कागदाची गोळी होती, वाटाण्याएवढी. अशा गोळ्या दिवसाला वीस येतात.

तिने ती उलगडली. आत एक स्क्रू होता. लांबीला तांदळाच्या दाण्याएवढा, पितळी, डोक्यावर बारीक खाच. आणि कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा कशाचा?

मावशीचा हात थांबला.

"मावशी," सुपरवायझर हलकेच म्हणाला.

तिने स्क्रू तळहातावर घेतला आणि ट्यूबखाली धरला. खाच झिजलेली होती. कुणीतरी तो बऱ्याचदा पिळला होता. तिने कागद पुन्हा वाचला. मालकांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्या तळहाताकडे पाहिलं.

"चष्म्याचा असेल," ते म्हणाले.

"चष्म्याचा इतका लांब नसतो."

"कसा नसतो? माझा बघा." मालकांनी चष्मा काढला, दांडीची बिजागरी तिच्या तळहाताजवळ आणली आणि डोळे बारीक केले. चष्म्याशिवाय त्यांना दिसेना. "काय दिसतंय?"

"तुमचा निम्मा आहे."

"घड्याळाचा मग."

"घड्याळाचा पितळी नसतो," जाळीपलीकडून वाफवाला म्हणाला. त्याला राहवलं नाही. "पेटीच्या बिजागरीचा असेल."

"एवढीशी पेटी कुठे असते?"

"दागिन्याची."

"दागिन्याच्या पेटीचा स्क्रू कुणी कोटात घालून फिरतं होय?" मावशी म्हणाली. "आणि त्याला पेटी माहीत असती तर त्याने विचारलं असतं का?"

हे खरं होतं. गाडीत कपडे तसेच पडून होते. मग मालकांनी चष्मा परत घातला, तक्ता काखेत घेतला आणि आपल्या केबिनकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "ऐंशीच्या खाली नको."

सुपरवायझरने वही मिटली. त्या तासाचा आकडा एकाहत्तर झाला होता.

मावशीने पाकिटावर नंबर घातला आणि खाली लिहिलं: स्क्रू, पितळी, एक. चष्म्याचा नाही.

त्या रात्री तिला झोप लागली, नेहमीसारखी. रविवारी तिने खोलीतल्या गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण पाहिलं, टॉर्च उघडली, पातेल्याच्या झाकणाची मूठ तपासली. आठवणीतल्या त्या स्क्रूशी एकही जुळला नाही. संध्याकाळी खोली तेवढीच रिकामी होती आणि चहा तेवढाच कोमट झाला.

राखाडी कोट बुधवारी जायचा होता. बुधवारी अकरा वाजता मावशीने टेबल सोडलं, धुलाईची मशीनं ओलांडली, वाळवणीच्या खोलीतून ती पुढे गेली आणि काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांत ती तिथे ग्राहकांच्या वेळेत कधी आली नव्हती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, काही झालं का?"

"नाही."

कोटाचा मालक एक साधा, पोक काढून चालणारा माणूस होता. त्याने पाकीट घेतलं, त्यावरचं वाचलं आणि वर बघितलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मावशी म्हणाली. "कशाचा आहे तो?"

"मलाच माहीत नाही. घर झाडताना मिळाला. टाकवेना." तो जरा ओशाळला. "चष्म्याचा नाही हे नक्की ना? मी तेच धरून चाललो होतो."

"नक्की. लांब आहे."

"बरं." त्याने पाकीट खिशात ठेवलं. मावशीने कोणता खिसा ते पाहिलं.

"कळलं तर इथे सांगून ठेवा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"कशाचा ते."

माणसाने मान हलवली आणि कोट हातावर टाकून तो गेला. मावशी वाळवणीच्या खोलीतून, मशीनांच्या शेजारून टेबलाशी परत आली. गाडी भरून वर आली होती. सुपरवायझरने त्या तासाला अडुसष्ट लिहिले, आकड्याकडे पाहिलं, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.