शेवटची वाळू

मेलबर्नला लेकीकडे गेले असताना जावयाने गोल्फचा सामना बघायला नेलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. समोर पिकल्या केसांचा एक खेळाडू होता.

"आई, हा उभा जन्म खेळला, पण मोठी स्पर्धा कधी जिंकला नाही. आज त्याचा शेवटचा सामना," जावई म्हणाला.

फटक्यासरशी हिरवळीचा तुकडा उडाला. सगळे चेंडूकडे बघत होते. त्याने मात्र मदतनिसाच्या हातून वाळू घेतली, खड्ड्यात ओतली आणि बुटाने दाबली.

"तिथे गवत पुन्हा उगवावं म्हणून. इथली रीतच आहे," जावयाने सांगितलं.

माझ्या लहानपणी वडिलांची बदली झाली, की निघताना आई रिकाम्या घराचा ओटा घासायची. "आता कोण बघणारेय?" म्हणून वडील चिडायचे. ती घासतच राहायची.

खेळाडूने वाळूवरून पुन्हा एकदा बूट फिरवला आणि मग कुठे चेंडू शोधायला मान वर केली.