संदर्भअण्णा आणि पहिलं वाक्य

संदर्भअण्णांनी दुसऱ्याच्या लेखातली चूक स्वतःच्या हातानं कधी दुरुस्त केली नाही. आंतरजालावरच्या मराठी ज्ञानकोशात गणिताचे लेख तपासायचं काम ते आपणहून करत. चूक दिसली की लेखाच्या चर्चापानावर दोन ओळी लिहायच्या, शेवटी "संदर्भ?" एवढा एकच शब्द टाकायचा आणि लिहिणाऱ्याची वाट बघत बसायचं, मग आठवडा लागो की महिना. त्या एका शब्दापायीच आम्ही तिथे लिहिणाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं.

माझी नि त्यांची गाठ भांडणातच पडली. नवऱ्याच्या बदलीमुळे मी सांगलीहून तंजावूरला येऊन पडले होते. कॉलेजातली गणिताची नोकरी सुटलेली, तमिळचा गंध नाही, दिवसभर बोलायचं कुणाशी तर भिंतींशी. म्हणून ज्ञानकोशात अविभाज्य संख्यांवर एक लेख लिहिला, आणि चांगला ठसक्यात लिहिला. दुसऱ्या दिवशी शेरा हजर! "तुम्ही शिकवतां आहांत. 'आता आपण पाहू' हें फळ्यापाशीं ठीक. इथें नुसतें सांगायचें. आणि ही सिद्धता तुमची, कीं पुस्तकांतली? संदर्भ?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बारा वर्षं शिकवलंय, असं ठणकावून लिहिलं. उत्तर आलं, "मी अडतीस वर्षें शिकवलें. हा रोग मलाही होता." कप्पाळ माझं! मुकाट्यानं लेख पुन्हा लिहायला घेतला.

संदर्भासाठी त्यांनी सुचवलेलं पुस्तक कुठे मिळेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, माझ्या घरी आहे, पण तंजावूर तुम्हांला दूर पडेल. मी एकटीच खो खो हसले. राजवाड्यामागची त्यांची गल्ली माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होती.

पांढरी वेष्टी नेसलेले, कानानं अधू असलेले अण्णा ओट्यावर वाट बघत उभे होते. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी मात्र घरात एकट्या अण्णांना येई, तीही शाळेत संस्कृत घेतलं होतं म्हणून. मुलगी चेन्नईला. तिला मराठी समजे, पण उत्तर तमिळमध्ये यायचं. अण्णांच्या बायकोला, काकूंना, देवनागरीचं अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि अण्णांच्या खऱ्या परीक्षक त्याच होत्या.

त्यांची रीतच तशी होती. लेखाचं पहिलं वाक्य झालं की ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. काकू विळीवर शेवग्याच्या शेंगा चिरत असायच्या. विळी चालू राहिली तर वाक्य समजलं, थांबली तर फसलं. माझं वाक्य अण्णांनी माझ्यादेखतच वाचलं. विळी थांबली. काकू अण्णांना म्हणाल्या, "एवढें रागावून कां लिहिलें तिनें?" मग त्यांनीच माझ्यापुढे काफीचा पेला सरकवला. तंजावुरात त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणीतरी माणसात घेतलं.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. महिनाभर अण्णांचा एकही शेरा आला नाही. मग एका दुपारी मी गेले, तर ते विळीसमोरच्या पाटाकडे बघत मोठ्यानं वाचत होते. मला बघून जरा ओशाळले. मी त्या पाटावर बसले आणि म्हटलं, वाचा. त्यानंतर दर गुरुवारी जायची. विळी काही मला जमली नाही, पण समजलं नाही की मी हात वर करायची. निघताना ते म्हणत, "आठवडाभर मराठी तोंडांतच राहते हो. आज बाहेर पडली."

आणि मग आमची नागपूरला बदली झाली. फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही, तेव्हा भेट उरली ती चर्चापानांवर. तोवर मी ज्ञानकोशात मोठी झाले होते. नव्यांना नियम शिकवायची, फापटपसारा काढायची, आणि त्याचा मला चांगलाच ताठा चढला होता. एका सकाळी भराभर पानं साफ करत असताना 'घनमूळ' लेखाच्या चर्चापानावर अण्णांच्या दोन ओळी दिसल्या: "पहिलें वाक्य लिहिलें. घरीं वाचून दाखवायला कोणी नाहीं, तुम्ही ऐकतां का?" मी त्या काढून टाकल्या. वर कारण लिहिलं, चर्चापान गप्पांसाठी नाही. हा नियम त्यांनीच मला शिकवला होता, म्हणून माझी शिस्त बघून ते खूशच होतील असं मला वाटलं, इतकी मी मूर्ख!

तासाभरानं त्यांनी लिहिलं, "बरोबर आहे. चूक माझी."

त्यानंतरही शेरे येत राहिले, फक्त कामापुरते. लेख, ओळ क्रमांक, संदर्भ. आपलं चुकलं हे मला कळत होतं, पण माफी मागायला वेळ आहे असं समजून मी ती पुढे ढकलत राहिले. पावसाळा संपता संपता शेरे थांबले. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं इंग्रजीत पत्र आलं. अप्पा झोपेतच गेले, त्यांच्या वहीत तुमचा पत्ता होता, एवढंच.

मी 'घनमूळ'च्या चर्चापानाचा इतिहास उघडला. तिथे काढलेलंही जपून ठेवलेलं असतं. अण्णांच्या दोन ओळी होत्या तिथे परत आणल्या आणि खाली लिहिलं, "ऐकते आहे, अण्णा. वाचा."

दुपारपर्यंत कुणा नव्या संपादकानं त्या तिन्ही ओळी काढल्या होत्या. कारण अगदी नम्रपणे दिलं होतं: हा मजकूर लेखाशी संबंधित नाही. मी त्याला लिहिलं, बरोबर आहे, चूक माझी.