काळ्या जिभेचा श्रीनिवास

माझ्या नवऱ्याची जीभ काळी आहे, असं सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या आम्हा मराठी मंडळींत पक्कं ठरलेलं आहे. मी रोज बघते, चांगली गुलाबी आहे. पण लोकांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

श्रीनिवास बँकेत रिस्कमध्ये आहे. म्हणजे कर्ज मागायला आलेली कंपनी तरणार की बुडणार, हे आधी ओळखण्याचा त्याला पगार मिळतो. घरी आला तरी ती खोड जात नाही. त्यातून फुटबॉलचं वेड. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये होता, पुढे काही जमलं नाही, आणि आता शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या मैदानाच्या जाळीला नाक लावून उभा असतो. इथे कॉलेजच्या पोरांचे सामने होतात आणि व्यावसायिक लीगमधले क्लब त्यांतून एखाददुसरा पोरगा उचलतात. कोणाला उचलतील आणि कोणाला नाही, हे श्री जाळीबाहेरून सांगतो. "हा क्लबमध्ये जाणार" म्हणाला तर तेही खरं ठरतं, पण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रणिताच्या मुलाबद्दल म्हणाला होता, "उजवा पाय जपून टाकतोय, फार दिवस नाही खेळायचा." थोड्याच दिवसांत त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रणिता सगळीकडे सांगत सुटली की श्रीनेच बोलून घालवलं. तेव्हापासून आया त्याला सामन्याची तारीख सांगत नाहीत. मला त्या बायकांचा असा राग येतो की काय सांगू.

त्यात सुलेखा नव्हती. सुलेखा आणि दीनानाथ आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर राहतात. त्यांचा क्षितिज आमच्या अंगाखांद्यावर वाढला. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत, 'बॉल खेळू नये' असं लिहिलेल्या पाटीखालीच श्रीने त्याला पहिली किक शिकवली. दीनानाथ श्रीला चिडवायचा, "शुभ बोल नाऱ्या!" आणि श्री हसायचा. आता क्षितिज पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. पुढ्यात इथल्या पोरांना न चुकणारी लष्कराची सक्तीची वर्षं उभी. त्याआधी क्लबने करार केला तरच खेळ टिकणार, नाहीतर संपलं, असं त्या घरातला प्रत्येक जण म्हणत होता.

निवडीच्या आधी सुलेखा आमच्याकडे आली. चहा घेतला नाही.

"भावोजी, राग मानू नका. निवड होईपर्यंत क्षितिजबद्दल काही बोलू नका. चांगलं नको, वाईटही नको."

श्रीने तोंडावर बोट ठेवून दाखवलं. गंमत वाटली त्याला. मला नाही वाटली.

न बोलण्याचं कबूल केलं होतं, न बघण्याचं नव्हतं. रविवारी तो लांबच्या जाळीशी जाऊन उभा राहिला. जेवताना म्हणाला, "अनघा, तो पोरगा जोरात धावला की लगेच खाली बसून बुटाची नाडी बांधतो."

"मग?"

"नाडी सुटलेली नसते."



दुसऱ्या दिवशी त्याने क्षितिजला बसस्टॉपवर गाठलं. पोरगं हसलं. "अंकल, आय ॲम ओके लाह. कधीकधी डोळ्यांपुढे थोडं ब्लॅक होतं, दॅट्स ऑल. आईला सांगू नका, प्लीज. साइन झालं की चेकअप करतो, प्रॉमिस."

श्रीने शब्द दिला नाही. सरळ दीनानाथकडे गेला. दीनानाथ म्हणाला, क्लबची तपासणी झालीय, काही निघालं नाही, आणि तुला कामाच्या सवयीने सगळीकडे बुडीतच दिसतं. आत सुलेखाने ऐकलं. ती बाहेर आली. "बोललात ना शेवटी?" एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मिठा-मिरच्यांनी क्षितिजची दृष्ट काढली. खकाणा कॉरिडॉरभर पसरला, शेजारच्या मिसेस टॅन खोकत बाहेर आल्या. मी वर जाऊन समजावायला बघितलं. "सुलेखा, दृष्ट काढ, पण डॉक्टरकडेही ने गं." ती म्हणाली, "तुझ्या तोंडूनही त्यांचीच जीभ बोलतेय," आणि दार लावून घेतलं. ह्या बाईला मी बहिणीसारखी मानत होते.

क्षितिजची निवड झाली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. सुलेखाने श्रीखंडाचं जेवण ठेवलं आणि मला निरोप पाठवला, 'तू एकटी ये.' मी गेले नाही. निवड झाली म्हणजे श्री खोटा ठरला, असं सगळ्यांनी मानलं. चेकअपचं क्षितिजने पुन्हा नाव काढलं नाही. पहिला सामना होऊ दे, मग बघू, असं त्याचं चाललं होतं म्हणे.

श्री मात्र वस्तीच्या कम्युनिटी क्लबमधल्या एका वर्गाला जायला लागला. बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन चालू करायचं यंत्र कसं वापरायचं आणि छाती कशी दाबायची, ते तिथे शिकवतात. घरी उशीवर दोन्ही हात ठेवून दाबत बसायचा. मला ते बघवेना. मी एकदा ओरडलेसुद्धा, "पुरे कर, अपशकुन नको करूस!" माझ्याच तोंडून तो शब्द निघाला.

क्षितिजच्या पहिल्या सामन्याला सगळा ग्रुप लोटला. हवा कोंदलेली, वारा नावाला नाही. श्री आमच्यात बसला नाही. गेटजवळच्या भिंतीवर ते यंत्र टांगलेलं होतं, तो त्याच्याखाली उभा राहिला. सुलेखाने त्याला बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

उत्तरार्धात क्षितिजला उतरवलं. काय खेळला पोरगा! डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुसाट निघाला, दोघांना चकवलं, चेंडू गोलसमोर टाकला. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. तो थांबला, आणि हात पुढे न करताच तोंडावर पडला.

"ऊठ रे, ऊठ!" दीनानाथ हसत ओरडला. घसरला असं त्याला वाटलं.

श्री तोवर भिंतीवरचं यंत्र काढून गेटमधून आत शिरत होता. फिजिओ मैदानाच्या त्या टोकाला कुणाचा तरी घोटा बांधत होता. गेटवरच्या माणसाने श्रीला अडवलं, तेव्हा सुलेखा मराठीत किंचाळली, "सोडा त्यांना! जाऊ द्या!" त्या माणसाला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने हात काढला. आम्ही सगळे मागून धावलो.

श्रीने यंत्राच्या पेटीतल्या कात्रीने जर्सी कापली. यंत्र बोलत होतं, सगळे मागे सरा म्हणत होतं. क्षितिजचं अंग एकदा उडालं आणि पुन्हा निपचित पडलं. श्री गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबायला लागला. सुलेखाने त्याच्या शर्टाची कड मुठीत धरली.

"भावोजी, तुम्ही बोलता ते खरं होतं ना? मग म्हणा ना, उठेल म्हणून. एकदा म्हणा, भावोजी, तुमच्या तोंडून म्हणा!"

श्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो काही बोलला नाही, नुसता छाती दाबत राहिला.