व्याह्यांनी टिपलेला अंधार

आमच्या व्याह्यांइतका सरकारी यंत्रणेस धडकी भरवणारा आणि घरात मांजरालाही वाट सोडून उभा राहणारा मनुष्य साऱ्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसावा, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. मी पिंपरीत एका कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मसुद्यात खोट काढणे आजवर कोणा साहेबास साधलेले नाही. व्याही चाकणकडच्या जुन्या गावातले, एका कारखान्यात फिटर. माझी कन्या त्यांच्या घरात दिली त्या दिवशी मंगलाष्टके चालू असताना हे गृहस्थ अक्षता खिशात ठेवून मंडपाबाहेर पळाले, कारण पाहुण्यांची गाडी ज्या खड्ड्यात अडकली होती तो त्यांना मोबाईलवर टिपायचा होता. रेशन दुकानाचा काटा, तलाठ्याच्या दाराला भरदुपारी लागलेले कुलूप, नळाला आलेले पिवळे पाणी, सर्वांची छायाचित्रे त्यांच्यापाशी असत आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ व ठिकाण. मी कागदाचे माहात्म्य सांगू लागलो की म्हणत, “पाव्हणं, तुमचा कागुद सायब फायलीत निजवतो. ह्यो हजार खिशांत एकदम वाजतो. किती खिसं शिवणार सरकार?”

त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे आणि त्याच उताराखाली गावाची विहीर. त्या गायरानात कारखान्यांचा घातक कचरा पुरण्याचे घाटत होते. कायद्यास जनसुनावणी हवी म्हणून मंडप पडला, पण त्यात ग्रामस्थांहून पोलीसच अधिक. अफवा पसरू नयेत या सबबीखाली पहाटेपासून इंटरनेट बंद. मीही कन्येच्या ओढीने तेथे गेलो होतो. व्याही रात्रपाळी संपवून थेट मंडपात आले आणि पहिल्या रांगेत, सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलापासून हातभर अंतरावर, मोबाईल चालू करून छातीशी धरून बसले. साहेबांनी विचारले, “कोणाची हरकत?” सारा मंडप उठला. “आमची हाय! समद्या गावाची हाय!” साहेब शेजारच्या कारकुनाकडे झुकून काहीसे पुटपुटले आणि सुनावणी संपल्याचे जाहीर झाले.

लगेच पोलिसांनी मंडपाचे तोंड अडवले. एकेकाचा मोबाईल घेऊन आतले चित्रीकरण पुसू लागले. बायका ओरडत होत्या, पोरे रडत होती, आणि व्याह्यांची पाळी जवळ येऊ लागली. हवालदाराने त्यांचा मोबाईल उघडून पाहिला, तर पडद्यावर नुसता काळोख. कारखान्यात यंत्रांचे फोटो कोणी काढू नयेत म्हणून फाटकावर प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. ती काढायला व्याही घाईत विसरले होते. “काका, अमावास्या शूट केली काय?” हवालदार हसला. “चिकटपट्टी तरी काढायची राव!” आणि त्याने मोबाईल परत दिला.

व्याह्यांचा चेहरा मी पाहिला तो आयुष्यात विसरणार नाही. आयुष्यभर खड्डे आणि कुलपे टिपणाऱ्या माणसाला गावाचा प्रश्न आला तेव्हा पट्टी काढायचे सुचले नाही! “समदं वाया घालवलं, पाव्हणं,” एवढेच ते बोलले. मी यंत्रावर विश्वास ठेवणारा नव्हे. पण नीट न बोलणाऱ्या म्हाताऱ्या अर्जदारांच्या तोंडाशी कान नेण्याची माझी सवय. तसाच तो मोबाईल मी कानाशी धरला. आत साहेबांचा आवाज स्वच्छ होता. “लिहा, ग्रामस्थांची हरकत नाही. ओरडू दे. ही मंडळी चहा गार झाला तरी ओरडतात.”

मग आम्ही दोघे पहिल्या पाळीहून पिंपरीकडे परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये उभ्याने निघालो. वाटेत दोनदा पोलिसांनी बस थांबवली. दोन्ही वेळा व्याही खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मी मनात जामिनाचा मसुदा रचत राहिलो. मोशी ओलांडली आणि रेंज आली. व्याह्यांनी तो आवाज बसमधल्या कामगारांना ऐकवला. “मला टाक, भावा.” “मलापण पाठव.” बस पिंपरीत शिरेपर्यंत तो आवाज चाळीस जणांच्या खिशात होता, दुसऱ्या पाळीच्या चहापर्यंत साऱ्या पट्ट्यातील कारखान्यांत. मी तो शब्दशः उतरवून तक्रार लिहिली. अशा कागदाखाली मी सहसा स्वतःचे नाव घालत नाही, या खेपेस घातले. पंधरवड्यात सुनावणीचे इतिवृत्त रद्द झाले आणि प्रकल्प स्थगित.

त्यानंतर व्याह्यांना नोटीस आली. सदर इसमाच्या वावरामुळे सार्वजनिक शांततेस धोका आहे, सबब त्यास तडीपार का करू नये? सोबत त्यांच्या हालचालींचा तक्ता होता. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या टॉवरखाली, कोणत्या ग्रुपवर काय बोलले. ज्या यंत्राने साहेबांना पकडून दिले, त्यानेच व्याह्यांनाही पकडून दिले होते. व्याह्यांनी तक्ता दोनदा वाचला. “माज्यापेक्षा नीट नोंद ठेवलीय की लेकांनी!” म्हणाले आणि घडी घालून तो माझ्यापुढे सरकवला. मी अकरा पानी उत्तर लिहिले. माझ्या हातून त्याहून चांगले काही लिहिले गेले नाही. ते फेटाळण्यास सरकारला चार ओळी पुरल्या. एक वर्ष जिल्ह्याबाहेर.

व्याही आता सोलापूरकडे बहिणीच्या घरी असतात. मोबाईल जप्त झाला, तो अजून मिळालेला नाही. भाच्याच्या फोनवरून दर रविवारी मला व्हिडिओ कॉल लावतात. मी त्यांच्या गावी जाऊन विहिरीपाशी उभा राहतो आणि माझा मोबाईल गायरानाकडे धरतो. “जरा डावीकडं, पाव्हणं. आता वर. हां, तितं थांबा.” समोर काही नसते, थोडे वाळलेले गवत आणि कोणाच्या तरी चार शेळ्या. मला खांदेदुखी आहे आणि इतका वेळ हात वर धरवत नाही. पण पलीकडून त्यांच्या श्वासाचा आवाज येत असतो, तोवर मी हात खाली घेत नाही.