विमलबाईंची ओसरी आणि घरोघरची जनावरं

आदरणीय विमलबाई ढगे यांची आणि माझी पहिली ओळख बकरीच्या पिल्लामुळे झाली, आणि ती भांडणानेच झाली. मी मूळचा देऊळघाटचा. वरवट बकालजवळच्या एका गावी प्राथमिक शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. तिसरीला जंगली प्राणी शिकवायचे म्हणून हौसेने वाघाचा रंगीत तक्ता आणला होता. शेजारच्या वर्गात बाई पहिलीच्या मुलांना बकरीचे पिल्लू दाखवत होत्या. ते सुटले, माझ्या वर्गात शिरले आणि त्याने तक्ता कोपऱ्यापासून खायला घेतला. मी तणतणत बाईंकडे गेलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, बकरीनं वाघ खाल्ला. हे पोट्टे आता जलमभर इसरनार नाहीत." माझा राग बरेच दिवस टिकला. तक्ते आणणे मात्र मी सोडून दिले.

सेवानिवृत्तीनंतर बाईंनी संध्याकाळी घरच्या ओसरीवर मुलांना बसवायला सुरुवात केली. शाळेने दिलेला प्राण्यांचा प्रकल्प असो की साधे वाचन-लेखन, त्यांची रीत एकच. प्राणी आपल्या घरचा नाहीतर गल्लीतला हवा. रोज त्याच्याकडे बघायचे, आणि बघून जे कळले नाही ते घरच्या मोठ्या माणसाला विचारायचे. त्याचे उत्तर त्याच्या तोंडचे, जसेच्या तसे लिहायचे. प्रकल्प पुरा झाला की ते मोठे माणूस मुलासोबत ओसरीवर यायचे. मूल वाचणार आणि चुकले तिथे घरचे माणूस टोकणार. शाळेची पायरी कधी न चढलेल्या बाया डोक्यावरचा पदर सावरत येऊन बसत आणि थोड्याच वेळात त्यांना कंठ फुटे. एकदा एका मुलाने लिहिले की म्हैस दिवसभर झोपते. त्याची आई म्हणाली, "झोपत नाही बे, रवंथ करून राह्यली असते. डोये मिटले म्हंजे झोपली काय?" बाईंनी मुलाला आईचे वाक्य लिहायला लावले आणि त्याखाली आईचे नावही लिहायला लावले. ती माउली कितीतरी वेळ आपल्या नावाकडे बघत बसली होती.

माझी पत्नी बुलढाण्याला दवाखान्यात होती, तेव्हाची गोष्ट मी विसरूच शकत नाही. मुलीची सोय कुठे करावी या विवंचनेत मी होतो. मी तोंड उघडायच्या आत बाई तिचे दप्तर उचलून घेऊन गेल्या होत्या. त्यांनी तिला आमच्या मांजरावर लिहायला सांगितले आणि तो कागद गावातल्या एकाच्या हाती माझ्याकडे दवाखान्यात पाठवला. मुलीने लिहिले होते, "मांजर आईच्या गोधडीवर निजते. मी तिला उठवत नाही." मी ते पत्नीला वाचून दाखवले आणि आम्ही दोघेही रडलो. पुढे पत्नी बरी होऊन घरी आली, पण त्या दिवसांत मला धीर दिला तो बाईंनी.

गौरवलेखात इथून पुढे सगळे गोडच लिहायचे असते. मला ते जमणार नाही. संपादकांना कापायचे असेल तर खुशाल कापावे.

आज गावात सकाळी इंग्रजी शाळेची गाडी येते आणि टाय लावलेली मुले संग्रामपूरकडे घेऊन जाते. प्राण्यांचा प्रकल्प त्यांनाही असतो. तो संध्याकाळी मोबाईलवर येतो आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो. मग बाप गाडीला किक मारतो आणि स्टेशनरीच्या दुकानातून जिराफाचे छापील चित्र, थर्माकोल आणि चमकी घेऊन येतो. गोठ्यात म्हैस उभी आणि घरात जिराफ चिकटवणे चालू. मला याचा संताप येतो, आणि संतापून काही होत नाही हेही कळते.

ओसरीवर शेवटी एकच मुलगी उरली होती, गौरी. तिची आई संगीता ही बाईंचीच विद्यार्थिनी. गेल्या वर्षी गौरीने घरच्या गायीवर प्रकल्प केला. गाय व्यायला झाली होती. मायलेकी तिच्यावर डोळा ठेवून होत्या. गायीने वासराला चाटून चाटून उभे केले, ते सारे गौरीने लिहिले आणि संगीताने सांगितलेलेही लिहिले. ओसरीवर वाचन झाले तेव्हा मी हजर होतो. बाई फार दिवसांनी मोकळ्या हसल्या. मग गौरीने तो प्रकल्प आपल्या संग्रामपूरच्या शाळेत दिला. शाळेने परत पाठवला. भाषा गावंढळ आहे, इंग्रजीत लिहून आणा, चित्र छापील लावा. वर्गातली मुले हसली, कोणीतरी हंबरून दाखवले.

त्यानंतर संगीता बाईंकडे आली. मी तिथेच बसलो होतो. "बाई, राग नका मानू," ती म्हणाली, "पोरीले तिथं मान खाली घाला लागते. मले तं इंग्रजीतलं काही समजत नाही. माह्यं सांगणंच तिले नडलं. आता तिले इकडं नाही पाठवत, अन् नाही सांगत मी काही."

"हाव, नको पाठवू," बाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "सर, पोरगी गेली त्याचं एक येळ काही नाही. तिच्या मायनं बोलनंच बंद केलं, त्याचं काय करू?"

बाईंच्या अमृतमहोत्सवाचे ठरले तेव्हा समितीतले आम्ही सारे, म्हणजे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी, सत्काराला काय द्यावे हे विचारायला त्यांच्याकडे गेलो. बाई म्हणाल्या, "शाल काऊन आनता? थंडी कुठं वाजून राह्यली मले. एखादं पोट्टं पाठवा संध्याकाळी." आम्ही हसलो, अशा वेळी हसतात तसे. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कोणाची नातवंडे अकोल्याला, कोणाची पुण्याला. गावात आहेत ती गाडीतून जातात, परतली की ट्यूशनला जातात. माझी नात नाशिकला असते. तिने म्हैस अजून जवळून पाहिलेली नाही. एकजण म्हणाला, "पाहू." तो विषय तिथेच थांबला.

बाईंचे गुडघे दुखतात, एका डोळ्याने धूसर दिसते. तरी दिवेलागणीला त्या ओसरी झाडून बसतात. त्यांचा डोळा निवळो, गुडघे चालते राहोत आणि निरोगी शरीराने त्यांनी शंभरी पाहावी, ही आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा. समारंभाला मंडप भरेल, भाषणे होतील, मीही बोलेन. त्यांनी आमच्याकडे एक पोर मागितले होते. ते काही मिळाले नाही. शाल आणून ठेवली आहे.