लोकर गठते कशी

राजस्थानातल्या टोंकला, लोकर दाबून नमदे म्हणजे जाड गालिचे करणाऱ्यांच्या गल्लीत सरवरी आपांच्या कोपरांना सगळे ओळखतात. चाळीस वर्षं ओली लोकर चटईत गुंडाळून कोपरांनी रेटल्यावर ती काय मऊ राहणार? खडबडीत, काळी कोपरं. त्याचा आपांना गर्व, आणि तो असायलाच हवा.

पण दिल्लीच्या जत्रेत गाळा हवा तर कारागिराचं ओळखपत्र हवं, आणि त्यासाठी तोंडी परीक्षा. कोपरं बघून कोण पास करतो!

टेबलामागच्या भटनागर साहेबांनी कागदावरचा प्रश्न वाचला, "घनीकरण म्हणजे काय?"

"हा कुठला आजार, साहेब?"

दाराशी ताटकळलेल्या नऊ बाया फिसकन हसल्या. साहेबांनी शून्य लिहिलं.

आपांचं डोकं सणकलं. "थांबा! ते भोपळ्याएवढं शून्य नंतर काढा. आधी बघा."

त्यांनी सोबत आणलेली चटई तिथंच फरशीवर पसरली, वर थैलीतली पिंजलेली लोकर अंथरली. चांगली परातीएवढी. "बोट घाला."

साहेबांचं बोट आरपार गेलं. मग दारातल्या एकीनं आणून दिलेलं साबणाचं कोमट पाणी शिंपडून आपांनी चटई गुंडाळली आणि कोपरांचा सगळा भार टाकून पुढं-मागं लोटायला लागल्या. अर्ध्या तासानं उलगडली, तर परातीची थाळी झालेली.

"बाई, लोकर कमी केलीत तुम्ही!" साहेब ओरडले.

"अहो, काढून ठेवायला पदरात जागा आहे का माझ्या? आहे तेवढीच आहे. तंतू एकमेकांत शिरले, दाटून बसले. आता घाला बोट!"

बोट जाईना. साहेबांनी उभं राहून, दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी तो तुकडा ओढला. पाण्यानं शर्ट भिजला, पण तुकडा फाटला नाही.

"हेच ते घनीकरण! याला काय म्हणता तुम्ही?"

"लोकर गठली म्हणतो. न गठलेला नमदा महिन्यात पायाखाली विरतो."

साहेबांनी शून्य खोडलं. "घ्या ओळखपत्र. पास."

आपांनी हात पुढं केला नाही. "बाहेर नऊ जणी आहेत. त्यांनाही तोच आजार विचारणार? कागदावर आमचा शब्द लिहा, मगच घेते."

"प्रश्न वरून येतात हो, आपा."

"मग वरच्यांनाही बोलवा, बोट घालू देत."

साहेब ओला शर्ट झटकत हसले. प्रश्न खोडून वर नवा लिहिला आणि हाक दिली, "शमशाद बानो! लोकर कशी गठते, सांगा."

शमशाद पदर खोचून आत आली ती बोलतच. पाऊण तास झाला तरी थांबेना.